भोवरा हे नाम की क्रियापद?

मागच्या अंकात कृष्णा रेड्डी या चित्रकाराचं ‘व्हर्लपूल’, म्हणजे भोवरा, हे १९६३ सालचं मुद्राचित्र (कोरलेल्या धातूच्या प्लेटला शाई लावून कागदावर उमटवलेलं चित्र) छापलं होतं आणि खाली माझं चार ओळींचं टिपण. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकते. ‘चित्र उलटं छापलंय का?’ असं दोघांनी विचारलंय. नाही हो, सुलटच आहे. तळहाताएवढं छापलं, ही तक्रार मात्र मला मान्य आहे आणि ती मी संपादकांच्या कानावर घातली आहे.

“चित्राचं नाव भोवरा, पण पाणी कुठेच दिसत नाही. निसर्ग काढायचाच नाही तर त्याचं नाव कशाला घ्यायचं? मी तीस वर्षं मराठी शिकवलं, शब्दाला अर्थ असावा असं मला वाटतं.” (एक निवृत्त शिक्षिका)

बाई, तुमच्याच विषयात शिरून उत्तर देते. मासा हे नाम. मासा पाण्यातून काढून हातात धरता येतो, ताटलीत ठेवता येतो, मेला तरी मासाच असतो. भोवरा व्याकरणात नाम असेल, पण वागतो क्रियापदासारखा. पाणी फिरायचं थांबलं की भोवरा संपला. तो बादलीत भरून घरी आणता येत नाही. मग त्याचं चित्र काढायचं म्हणजे नेमकं कशाचं काढायचं?

रेड्डींच्या कामाचा क्रम लावून बघा. १९५२ साली ‘फिश’ आहे, ‘इन्सेक्ट’ आहे. १९५९ला ‘वॉटर लिलीज’. म्हणजे मासा, किडा, कमळ, सगळ्या हातात धरता येण्यासारख्या गोष्टी, जरी त्यांनी त्यांची बरीच मोडतोड केली असली तरी. आणि १९६३ला एकदम ‘वेव्ह’, ‘व्हर्लपूल’, ‘स्प्लॅश’. लाट, भोवरा, पाण्याचा उसळता शिंतोडा. तिन्ही घडतात आणि नाहीशा होतात. माझ्या मते रेड्डी इथे खरे अमूर्ताकडे आले, आणि गंमत म्हणजे निसर्ग सोडून नाही, त्याच्या आणखी जवळ सरकून आले. कमळ दुरून दिसतं. लाट कशी उठते हे कळायला मात्र जवळ जाऊन बसावं लागतं.

हे बसणं त्यांना कुठून आलं याचा अंदाज बांधता येतो. १९२५चा जन्म, चित्तूर जिल्ह्यातल्या नंदनूर गावचा. शिक्षण शांतिनिकेतनच्या कलाभवनात, नंदलाल बोसांच्या हाताखाली. तिथे झाडाखाली वर्ग भरायचे आणि समोरचं झाड नीट बघणं हाच अभ्यास असायचा. पुढे काही काळ मद्रासच्या कलाक्षेत्रात शिकवलं, मग लंडनचं स्लेड स्कूल, आणि तिथून पॅरिस. पॅरिसला ते ओसिप झाडकिन या शिल्पकाराकडे शिल्पकला शिकत होते, हे विसरू नका. मुद्राचित्रणात ते शिल्पकाराचा हात घेऊन आले.

तो हात प्लेटवर दिसतो. आम्ही बहुतेक मुद्राचित्रकार धातूच्या प्लेटवर रेघ ओढतो. रेड्डी प्लेट खोदायचे, तासायचे, घासायचे, अ‍ॅसिडने खाऊ द्यायचे. शेवटी ती प्लेट चित्राची राहायची नाही, एक उथळ शिल्पच व्हायचं: कुठे टेकाड, कुठे उतार, कुठे खोल घळ. आता तुम्हीच सांगा, नदी खडकाचं काय करते? तेच करते. वर्षानुवर्षं खाते, झिजवते, जिथे मऊ लागेल तिथे खोल जाते. रेड्डींनी भोवऱ्याकडे बघून भोवरा काढला नाही; पाणी ज्या रीतीने दगड कोरतं त्या रीतीने जस्त कोरलं. त्या चित्रात पाणी का नाही, याचं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे. नाव बदलून ‘रचना क्रमांक ९’ ठेवलं असतं तर तुम्हाला चाललं असतं का? मला नसतं चाललं.

“एकाच प्लेटवरून, एकाच दाबात इतके रंग कसे येतात? आमच्या सरांनी सांगितलं की तेल आणि पाणी मिसळत नाही, तसंच.” (कला महाविद्यालयातला विद्यार्थी)

सरांचा मान राखून सांगते, तसं नाही. तेल-पाण्याचं वैर लिथोग्राफीत, म्हणजे सपाट दगडावरून छापायच्या रीतीत, कामाला येतं. इथे दोन्ही शाया तेलाच्याच असतात. फरक फक्त घट्टपणाचा. म्हणून तर त्याला व्हिस्कॉसिटी प्रिंटिंग म्हणतात.

माझ्या टेबलावर या, दाखवते. प्लेट आधीच खोदलेली आहे, तिच्यात तीन पातळ्या आहेत. पहिली शाई घट्ट, ती प्लेटभर चोळायची आणि जाळीच्या कापडाने वरवरची पुसून काढायची. खोल रेघांमध्ये ती बसून राहते. समजा ती काळी आहे. आता दुसरी शाई, समजा निळी. हिच्यात जवसाचं तेल घालून ती पातळ करायची. किती पातळ? सुरीवर उचलली की सलग धार धरून खाली उतरली पाहिजे. ही कडक रोलरने लावायची. कडक रोलर वाकत नाही, त्यामुळे तो फक्त टेकाडांचे माथे गाठतो, उतारावर जात नाही. मग तिसरी, पिवळी. हिच्यात तेल नाही, सुरीवरून ती पडता पडत नाही. ही मऊ रोलरने. मऊ रोलर दबतो आणि खालच्या सपाटीपर्यंत पोचतो.

आता बघा. हा पिवळा रोलर निळ्या माथ्यांवरूनही गेलाय. सगळं हिरवं व्हायला हवं, नाही का? होत नाही. निळा थर इतका सैल आहे की रोलरवरची घट्ट पिवळी शाई ओढून घ्यायची पकडच त्याच्यात नसते. पिवळं रोलरवरच राहतं, आणि जिथे निळं नाही तिथेच उतरतं. क्रम उलटा करा, आधी घट्ट, वरून पातळ. पातळ शाई निमूट वर जाऊन बसते आणि दोन रंग एकमेकांत मिसळतात. मग ओला कागद, वर नमदे (लोकरीची जाड कापडं), आणि प्रेसमधून एकदा काढायचं. तिन्ही रंग एका दमात.

ऐकायला सोपं आहे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सलग अकरा प्रुफं, म्हणजे चाचणीचे छाप, चिखलाच्या रंगाची आली. बाराव्याला कळलं की खोलीतला पंखा आणि खिडकीतलं ऊन मिळून माझी शाई दर अर्ध्या तासाला बदलत होते. ऊन लागलं की शाई सैल होते. सकाळी जमलेलं मिश्रण दुपारी जमत नाही. तेव्हापासून मी तेलाचे थेंब मोजून वहीत लिहिते आणि बाजूला हवा कशी होती तेही लिहिते. तूही लिही.

हे तंत्र पॅरिसच्या ‘आतेलिए १७’ मध्ये १९५०च्या दशकात घडलं. स्टॅन्ली विल्यम हेटर या इंग्रज माणसाने १९२७ साली ती कार्यशाळा सुरू केली. नावातला १७ हा आकडा म्हणजे एका जुन्या जागेचा घर क्रमांक. हेटर मुळात रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकलेला, आणि चित्रकार होण्याआधी इराणमध्ये आबादानला तेल कंपनीत नोकरी करून आलेला. तेल कसं वाहतं, खडक कसे थराथरांचे असतात हे पोटापाण्यासाठी शिकलेल्या माणसाच्या कार्यशाळेत हा शोध लागला, यात मला नवल वाटत नाही. त्यात रेड्डी होतेच, शिवाय आपल्या मुंबईचे कैको मोती होते. १९२१चा जन्म, मुंबईच्या कलाशाळेत शिकलेले. त्यांचं नाव मराठीत फार कुणी घेत नाही, ते इथे मुद्दाम घेते. श्रेय नेमकं कुणाचं यावर भांडणारे भांडोत. एका प्रेसभोवती दहा माणसं उभी असली की कुणाच्या रोलरने आधी काय केलं हे त्या दहांनाही सांगता येत नाही.

“माफ करा, पण छापलेल्या चित्राला ‘मूळ’ चित्र म्हणणं ही फसवणूक नाही का? आमच्याकडे आजीच्या वेळची रविवर्म्याची लक्ष्मी आहे, ती पण छापीलच.” (एक बँक कर्मचारी)

लक्ष्मी जपून ठेवा. पण ती आणि रेड्डींचं मुद्राचित्र या वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. रविवर्म्यांनी आधी तैलचित्र रंगवलं, आणि त्याची नक्कल काढायला छापखाना. तो छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याने घराघरात देव पोचवले, हे मोठंच काम. पण तिथे छाप ही सावली, मूळ चित्र दुसरीकडे कुठेतरी.

रेड्डींच्या ‘व्हर्लपूल’चं मूळ चित्र दाखवा म्हणालात तर काय दाखवणार? प्लेट? ती तर उलटी, आणि बिनरंगाचा धातू. चित्र कागदावर पहिल्यांदा उमटतं तेव्हाच ते जन्माला येतं. आणि कागदाखालचा ‘७/२५’ हा आकडा म्हणजे पंचवीस प्रतींच्या संचातली सातवी प्रत, सोबत चित्रकाराची पेन्सिलीने सही. मी वर सांगितलेलं शायांचं नाटक दर प्रतीला नव्याने करावं लागतं, त्यामुळे सातवी आणि आठवी शेजारी ठेवली तर जुळ्या बहिणींइतका फरक सापडतोच. एकाच झाडाची दोन पानं म्हणा.

“तुम्ही स्वतः अमूर्त काम करता. निसर्गात जाऊन राहता का? डोंगर, जंगल वगैरे?” (नाव नको म्हणतात)

नाही. जंगलात मला डास चावतात आणि स्केचबुक उघडायच्या आधी मी परत फिरते.

माझा निसर्ग अ‍ॅसिडच्या तसराळ्यात आहे. शिकत होते तेव्हाची गोष्ट. जस्ताची प्लेट नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये टाकली की बुडबुडे उठतात, आणि बुडबुडा जिथे चिकटून बसतो तिथे अ‍ॅसिड पोचत नाही. म्हणून पक्ष्याच्या पिसाने ते बुडबुडे हलकेच बाजूला सारत राहायचं. ब्रश नाही चालत, पीसच लागतं, कारण ते धातूवर ओरखडा काढत नाही. मी कावळ्याचं पीस वापरायची. एकदा मैत्रिणीने जेवायला हाक मारली, मी पीस तसंच टाकून गेले. धातू विरघळताना अ‍ॅसिड तापतं आणि तापलं की दुप्पट जोराने खातं. परत आले तर प्लेटला बोटभर भोक. मी रडकुंडीला आले. आमचे सर भोकातून माझ्याकडे बघत म्हणाले, “छाप की मग.” छापली. भोकाच्या जागी शाई नव्हतीच. प्रेसच्या दाबाने ओला कागद त्या भोकात घुसला आणि पांढरा, कोरा, फुगीर उंचवटा उठून आला. कडा कुरतडलेल्या, किनाऱ्यावरच्या खडकासारख्या. तो किनारा मी काढला नव्हता. मला कधी काढताही आला नसता. त्या दिवसापासून मी झाडं-डोंगर ‘काढायचं’ सोडलं.

(तरुणांनी हे वाचून भोकं पाडत बसू नये. नायट्रिकचा धूर फुप्फुसाला वाईट. मी गेली बरीच वर्षं तांब्याची प्लेट आणि फेरिक क्लोराइड वापरते. पीस अजून आहे, सवयीने.)

पावसाळ्याचंही तेच. हवा दमट झाली की भिजवलेला कागद वाळत नाही, चळतीत ठेवला तर तिसऱ्या दिवशी बुरशीचे ठिपके. एका वर्षी अख्खी चळत गेली. ठिपके इतके देखणे होते की फेकवेनात, आणि ठेवावेत तर शेजारच्या कागदांना लागण. फेकले.

निसर्गालाच काम करू द्यायची आणखी साधी वाट झरीना हाश्मी या मुद्राचित्रकार बाईंनी दाखवली. त्याही १९६०च्या दशकात आतेलिए १७ मध्ये शिकलेल्या. दिल्लीला परतल्यावर त्यांनी टाकाऊ लाकडाच्या तुकड्यांना शाई लावून थेट छाप घेतले. लाकडाच्या रेषा, गाठी, चिरा, सगळं झाडाने आयुष्यभर लिहिलेलं. बाईंनी फक्त उमटवून घेतलं. इतकं कमी करायला फार धीर लागतो. माझ्यात तो नाही, मी आपली मधे मधे हात घालतेच.

“रेड्डींनी आयुष्यभर निसर्गच केला का? कंटाळा नाही आला?” (एक वाचक)

नाही केला. १९६८ला पॅरिसमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांनी ‘डेमॉन्स्ट्रेटर्स’ केलं. मुलगी रांगायला लागली तर तिचं रांगणं प्लेटवर आलं. १९८०च्या दशकात ‘ग्रेट क्लाउन’. विदूषकांची ती मालिका लोकांना फार आवडते. मला तितकी नाही, त्यात तंत्र जरा जास्त बोलतं. पण गर्दीचं चित्र नीट बघा, माणसं लाटेसारखी उभी आहेत. १९६३ची लाट त्यांच्या हातातून गेली नव्हती.

“मी १९ वर्षांची आहे. मुद्राचित्रण घ्यायचं आहे, तेही अमूर्त. बाबा म्हणतात, पोट कसं भरणार? तुमचं कसं भरलं?”

तुला ‘तू’ म्हणते, चालेल ना. बाबांचा प्रश्न बरोबर आहे, त्यांच्यावर चिडू नकोस.

माझं पोट चित्रांनी पहिली चौदा वर्षं भरलं नाही. मी शाळेत चित्रकला शिकवली, लग्नपत्रिका छापल्या, आणि दुसऱ्या चित्रकारांच्या प्लेटा त्यांच्यासाठी छापून दिल्या. हे तिसरं काम हलकं समजू नकोस. दुसऱ्याची प्लेट पुसताना त्याचा हात कुठे थबकला ते बोटांना कळतं. माझं अर्धं शिक्षण तिथे झालं. आता विक्री होते, कधी बरी, कधी नाही. अमूर्त चित्राचं गिऱ्हाईक दहा वेळा येऊन जातं आणि अकराव्या वेळी घेतं, तेही बायकोला किंवा नवऱ्याला विचारून.

खरी अडचण प्रेसची. चित्रकाराला कोपरा पुरतो, आपल्याला दोन माणसांनी न उचलणारं लोखंड लागतं. ते विकत घ्यायच्या फंदात लगेच पडू नकोस. प्रेस ही वाटून वापरायची वस्तू आहे. पॅरिसच्या त्या कार्यशाळेतसुद्धा थोरामोठ्यांनी ती वाटूनच वापरली. आपल्याकडे दिल्लीत ललित कला अकादमीचा गढी स्टुडिओ १९७६पासून आहे, भोपाळच्या भारत भवनात १९८२पासून मुद्राचित्रणाची कार्यशाळा आहे. १९८९ला तिथे मुद्राचित्रांचं आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक प्रदर्शनही सुरू झालं. अर्ज करत राहा. नकार येतील, माझ्याकडे त्यांची एक फाइल आहे.

रेड्डींचं सांगून बाबांना पटवू नकोस. १९७२ला पद्मश्री, १९७६ला न्यूयॉर्क, तिथल्या विद्यापीठात अध्यापन, ९३व्या वर्षापर्यंतचं आयुष्य, हे सगळं ऐकून ते म्हणतील, “सगळेच रेड्डी होतात का?” आणि ते खरं आहे. त्यांना एवढंच सांग की पहिली पाच वर्षं दुसरी एखादी नोकरी सांभाळून करेन. आणि तशी कर. संध्याकाळचे तीन तास रोज मिळाले तरी वर्षाला दोन प्लेटा नीट होतात. मला अजूनही त्याहून जास्त होत नाहीत.

“माझ्या सहा वर्षांच्या मुलाने स्टॅम्प पॅडवर पान दाबून छाप घेतला, सोबत पाठवला आहे. याला मुद्राचित्र म्हणायचं का?” (एक आई)

म्हणायचं. माझ्या टेबलासमोर टाचणीने लावलाय. फक्त त्याला सांगा, पानाच्या शिरा नीट उमटल्या नाहीत कारण त्याने वरची, गुळगुळीत बाजू घेतली. पान पालथं करून घ्यायचं, शिरा खालच्या अंगाला वर उठलेल्या असतात. शाई कमी. कागद किंचित ओलसर, आणि वरून चमच्याच्या पाठीने हळूहळू घासायचं, देठाकडून टोकाकडे. दुसरा छाप आला की तोही पाठवा.